बाबांचा आंतरराष्ट्रीय परवाना

माझे वडील नोकरीभर विधिमंडळाच्या सचिवालयात होते. विधेयकांचे मसुदे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. जेवताना कुणी परदेशी करारांचं कौतुक केलं की ते हातातला घास खाली ठेवून सांगायचे, "बाहेरच्यांनी काहीही ठरवू दे. आपल्या सभागृहानं कायदा केला तरच ते आपल्याला लागू." यावर वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती.

आई गेल्यावर ते पुण्यात एकटेच होते, म्हणून मी त्यांना सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला बोलावून घेतलं. येताना त्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणला होता. राखाडी पुस्तिका, आत फोटो, वर्षभराची मुदत. आमच्या भागात गाडीशिवाय कोथिंबीरही मिळत नाही. बाबा आठ दिवसांत उजव्या बाजूनं चालवायला शिकले, आणि माझी जुनी गाडी घेऊन लायब्ररीत आणि ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांत जाऊ लागले. तेवढ्या दोन फेऱ्यांनी माणसाच्या तोंडावर रया आली होती.

एके दिवशी मागचा दिवा बंद म्हणून पोलिसानं त्यांना थांबवलं. पुस्तिका उलटसुलट करून पाहिली, हे आमच्या राज्यात चालत नाही म्हणाला आणि विनापरवाना गाडी चालवल्याचं तिकीट हातात ठेवलं.

"दंड भरून मोकळे व्हा ना, बाबा," मी म्हणाले.

"दंड भरला म्हणजे चूक कबूल केली. मग उद्यापासून घरात बसायचं का मी?"

चार दिवस त्यांनी लायब्ररीत काढले आणि इथल्या राज्यघटनेचं एक पान छापून आणलं. "हे बघ. देशानं केलेला करार हा इथला सर्वोच्च कायदा. राज्याला आवडो न आवडो. आणि रस्ते वाहतुकीचा करार भारतानंही केलाय, यांनीही केलाय."

"आणि तुमचं सभागृह सर्वोच्च होतं, त्याचं काय?"

"ते तिकडं," बाबा शांतपणे म्हणाले. मला हसू फुटलं. ते अजिबात हसले नाहीत.

मी दोन मीटिंग कॅन्सल करून त्यांच्याबरोबर कोर्टात गेले. बाबा टाय लावून आले होते. जजबाईंनी पुस्तिका पाहिली, बाबांचं पान पाहिलं, सरकारी वकिलाशी दोन शब्द बोलल्या आणि पाहुण्याला एवढं पुरेसं आहे म्हणत तिकीट रद्द केलं. निघताना बाबांनी दाराशी वळून, सभागृहातून बाहेर पडताना करतात तशी, किंचित मान लववली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

घरी येताना अर्थातच गाडी त्यांनी घेतली. मी दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसले होते. घराजवळच्या क्रॉसिंगवर डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. बाबा वेग कमी करेनात.

"बाबा, ब्रेक!"

गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती बाई बॉनेटवर थाप मारून काहीतरी ओरडली आणि गेली. बाबांनी विचारलं, "कोण होतं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डाव्या डोळ्यानं वर्षभर नीट दिसत नव्हतं. "रस्ते पाठ आहेत ना मला," ते म्हणाले. मी संतापले. त्यांच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर, कारण भाजी वेळेवर येते यापलीकडे मी काही पाहिलंच नव्हतं.

घरात शिरल्यावर मी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कुठल्या कलमाखाली?"

"कलम नाही, बाबा. तुम्हाला दिसत नाही."

"निकाल माझ्या बाजूनं लागलाय."

"हो."

"मग आता अपील कुठं करायचं?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच. मी हात तसाच पुढे ठेवला. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही. परवान्याची मुदत अजून बरीच आहे आणि तो त्यांच्या शर्टाच्या खिशातच असतो. लायब्ररीत आता मी सोडते. बाबा शेजारी बसतात, आणि सिग्नल आला की माझ्याआधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जातो.