दुसऱ्याच्या हातातला कासरा

“कासरा हातात असला तर माणूस राजा, न्हायतर नुसतं वझं.”

फकीरचाचाचं हे बोलणं आमच्या गावात लहानथोरांना पाठ होतं. कुणाच्या गाडीत बसायची वेळ आली की चढण्याआधी तो हे एकदा म्हणायचा, आणि गाडीवान मुकाट्यानं मागं सरकून कासरा त्याच्या हातात द्यायचा. उमरग्याच्या बाजाराला जाताना द्यायचा, वऱ्हाडात द्यायचा. एकदा तर मयतीला निघालेल्या गाडीवरही दिला होता. चाचाला तो आपला मान वाटायचा, लोकांना त्याची हौस वाटायची.

निजामाच्या वेळी गावच्या पाटलांची शर्यतीची गाडी होती आणि ती फकीरचाचा उभ्यानं हाकायचा. माळावरून गाडी यायची तेव्हा आधी त्याची हाळी ऐकू यायची, मग धूळ दिसायची, आणि सगळ्यांत शेवटी बैल. पुढं राज्य गेलं. पाटील हैदराबादेत राहायला गेले. गाडीची फळी वाळवीनं खाल्ली. हमरस्त्यावरून ट्रका धावू लागल्या आणि फकीरचाचा आडतीचा गूळ वाहू लागला. गुळाला घाई नसते. तरी माळ लागला, मागंपुढं कुणी नाही असं दिसलं, की तो भरल्या गाडीवर उभा राहायचा.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. संक्रांत सरली आणि चैत्रातल्या जत्रेसाठी गुरुसिद्धप्पानं आळंदकडून शर्यतीची गाडी आणली. हा गुरुसिद्धप्पा आमच्याच गावचा, उमरग्यात त्याची आडत. गाडी सागवानी, अंगावर मांस नसलेल्या माणसासारखी, नुसती हाडं. बसायला हातभर फळी, बारीक आरे, चाकांवर पातळ लोखंडी धाव. दोघांनी उचलून ओसरीवर ठेवावी इतकी हलकी. सोबत बैलजोडी, पाखऱ्या आणि हौशा. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची. माणूस जवळ आला की थरथरायची.

त्याच दिवशी फकीरचाचा न बोलावता गेला. चाक फिरवून त्याच्या मधल्या तुंब्याला कान लावला. बैलांचे दात बघितले. बैल गर्दीला बुजतात हे त्याला लगेच कळलं, म्हणून त्यानं बलभीमला कामाला लावलं. बलभीम म्हणजे गावातला सगळ्यांत दांडगा गडी. शर्यत सुटायच्या रेषेवर बैल धरून ठेवायचं काम त्याचं, आणि तोवर रोज त्यांच्याभोवती तेलाचा रिकामा डबा बडवत फिरायचं, म्हणजे जत्रेतल्या हलगीची सवय होईल. दाणावैरण मुनवरकडं दिली. मुनवर चाचाच्या बहिणीचा मुलगा आणि जावईही. चाचाची मुलगी फरिदाबी त्याला दिलेली. कासरा कसा धरायचा हे त्याला लहानपणी चाचानंच शिकवलं होतं. आणि हाकायचं कुणी, हे चाचानं कुणाला विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

पुढच्या बाजारी गुरुसिद्धप्पानं मामाभाच्यांना आडतीवर बोलावलं.

“फकीरभाई, गाडी हलकी हाय. माणूसबी हलका पायजे.”

“मंजी?”

“मंजी बसा काट्यावर.”

आडतीत मोठा काटा आढ्याला टांगलेला होता. एका पारड्यात फकीरचाचाला बसवलं, दुसऱ्यात मुनवरला. चाचाचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि मुनवर पाय लोंबकळत वर गेला. हमाल हसायला लागले.

“आप्पा,” चाचा पारड्यातूनच म्हणाला, “तोलून झालं. आता चाळूनबी घ्या. खडं निघत्याल.”

“रागावू नका. तुमी वस्ताद. बैल तयार करा, गाडी तयार करा, गडी तयार करा. जत्रंत मुनवर हाकंल.”

मुनवर वरूनच म्हणाला, “मामू, तुमी न्हाय म्हणत असाल तर म्या बसत न्हाय.”

ते चाचाला सगळ्यांत झोंबलं. गाडी हिरावून घेतली असती तर भांडता आलं असतं. भाचा ती परत देत होता, आणि तेही वरून.

“बस की,” चाचा म्हणाला. “म्या कोण न्हाय म्हणणार?”

रुसून घरी बसला असता तर बरं झालं असतं. पण गाडीपासून लांब राहणं त्याला जमेना, आणि जवळ गेलं की मुनवरचे हात दिसायचे. पाखऱ्याच्या वशिंडावरून फिरणारे, कासऱ्याची गुंडाळी सोडणारे, तरणे, सरळ बोटांचे हात. सकाळी ओढ्याच्या वाळूत बैल चालवायचे, मग धुवायचे, तेल चोळायचं, भिजलेले हुलगे आणि गूळ खाऊ घालायचा. चाचा सगळं सांगायचा आणि मुनवर सगळं ऐकायचा. एकदाही चुकायचा नाही. चुकला असता तर चाचाला त्या दिवशी जेवण गोड लागलं असतं. एका सकाळी पाखऱ्यानं मुनवरचा खांदा चाटला.

“बघा वस्ताद, कसा लळा लागला!” बलभीम म्हणाला.

“लळा कसला? त्याच्या घामाला मीठ जास्त हाय.”

चाचा घरी आला तर फरिदाबी बैलांच्या शिंगांसाठी लाल गोंडे करत बसलेली.

“बापासाठी कधी केलं व्हतंस गं गोंडं?”

“अब्बा, तुमच्या वक्ताला म्या पाळण्यात व्हते.”

त्या साली रमजान ईद आणि पाडवा लागोपाठ आले होते. म्हणजे बैलांची तयारी सगळी रोज्यांत चाललेली. दोघेही रोजे धरून माळावर जायचे. दुपारपर्यंत चाचाच्या पिंढऱ्या भरून यायच्या आणि मुनवर मात्र नुकतीच आंघोळ केल्यासारखा ताजा. अशाच एका दुपारी, बैलांना सावलीला बांधून सगळे पांगल्यावर, चाचाला ती बुद्धी झाली.

गाडीच्या आसाला घालायचं वंगण चाचाकडं होतं. एरंडेलात काजळी घोटून तो ते करायचा आणि त्याचा बांबूचा नळा दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचा नाही. त्या वंगणात त्यानं राळ कालवली. राळ चिकट. चाक फिरायचं, पण आस त्याला सोडायचा नाही. हलकी गाडी भरल्या गाडीसारखी ओढायला लागायची, आणि बाहेरून कुणाला काही दिसायचं नाही. चाचाचा हिशेब सरळ होता. मुनवर हाकतो आणि गाडी पळत नाही, हे गुरुसिद्धप्पानं पुन्हापुन्हा बघावं. मग जत्रेच्या आदल्या दिवशी आपण एक फेरी मागायची. आधी आस पुसून चांगलं वंगण घालायचं, आणि माळावर उभं राहून दाखवायचं की काट्यावर जे तोललं ते काहीच नव्हतं.

बिस्मिल्लाबीला, म्हणजे त्याच्या बायकोला, पहिल्याच दिवशी कळलं. टाचांच्या भेगांना मलम करायला तिनं राळ आणून ठेवली होती. बरणी रिकामी.

“अजी, राळ कुठं गेली?”

“मला काय म्हाईत?”

तिनं त्याची बोटं बघितली. चिकटलेली होती.

“तोंडात रोजा आन् हातात हे? जावई हाय तुमचा. दुश्मन न्हाय.”

“दुश्मन असता तर सोपं व्हतं,” चाचा म्हणाला आणि हात धुवायला गेला.

हे सगळं पुढं खूप वर्षांनी बिस्मिल्लाबीनंच सांगितलं. तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही.

बैल रोज फेसाळून परत यायचे. गुरुसिद्धप्पा माळाच्या कडेला छत्री घेऊन उभा राहायचा आणि त्याचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. “आळंदकरानं फसवलं का काय?” तो म्हणायचा. चाचा त्याच्या शेजारी उभा राहून मान हलवायचा. पाडवा झाला, ईद झाली, आणि चाचानं योग्य वेळ बघून शब्द टाकला.

“आप्पा, जत्रंच्या आदल्या दिशी एक फेरी मला द्या. मग काय ते ठरवा.”

“द्यायलाच लागंल,” गुरुसिद्धप्पा म्हणाला.

त्या रात्री चाचा पोटभर जेवला.

आदल्या दिवशी सकाळी तो स्वच्छ एरंडेलाची बाटली सदऱ्यात लपवून गुरुसिद्धप्पाच्या दारी गेला, आणि तिथंच थबकला. गाडीची दोन्ही चाकं निखळून भिंतीला टेकवलेली. उघडा आस दोन पाटांवर ठेवलेला, आणि गुरुसिद्धप्पाची बायको रुद्रम्मा त्यावर हळदीचं ऊन पाणी घालत होती. शिकेकाई लावून, नारळाच्या काथ्यानं, लेकराची पाठ घासावी तशी घासत होती.

नवी गाडी पहिल्यांदा देवाला निघाली की घरच्या बाईनं तिचा आस न्हाऊ घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. चाचाला ती माहीतच नव्हती. त्यानं उभ्या जन्मात शर्यतीची म्हणून पाटलांची एकच जुनी गाडी हाकली होती. ती नवी कधी होती हे त्यानं पाहिलेलंच नव्हतं.

“अय्य शिवने, काय घाण साचली व्हती हो फकीरभाई,” रुद्रम्मा म्हणाली. “निघता निघंना. डिंकावानी.”

न्हालेल्या आसाला नवं वंगण हाकणाऱ्यानंच घालायचं, हीसुद्धा रीतच. ते मुनवर घालत होता. त्यानं वर बघितलं नाही.

“मामू, वंगण लई घट्ट झालं व्हतं.”

“उन्हानं झालं असंल.”

“उन्हानं पातळ व्हतं, मामू,” मुनवर हळूच म्हणाला, आणि चाक उचलून आसात बसवलं. एवढंच. पुन्हा तो विषय त्यानं कधी काढला नाही.

वंगण घातलं म्हणून गाडी एकदा माळावर फिरवून आणायची होती. मुनवर चढला. बलभीमनं बैल सोडले. इतके दिवस जे बैल भरल्या गाडीसारखं ओझं ओढत होते, त्यांना आज मागं काही आहे असं वाटलंच नसावं. गाडी उडाली म्हणजे उडालीच. बलभीमच्या हातात कासरा नव्हता तरी तो सवयीनं चार ढांगा गाडीमागं पळाला. गुरुसिद्धप्पाची छत्री खाली पडली.

“फकीरभाई!” त्यानं चाचाचे दोन्ही खांदे धरले. “आता कळलं मला! मुद्दाम जड ठेवली व्हती व्हय गाडी? बैलांच्या छातीत दम भरावा म्हणून? आन् म्या अडाणी आळंदकराला शिव्या देत बसलो!”

सदऱ्यातली बाटली चाचाच्या बरगडीला टोचत होती.

“आता तुमची फेरी कशाला? झालं की काम!”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या महादेवाच्या जत्रेत आमच्या गाडीच्या जवळपास कुणी आलं नाही. हलगी कडाडली तरी बैल बुजले नाहीत. मुनवर उभ्यानं आला, चाचासारखाच, डावा पाय जरा पुढं टाकून. ती ढब बघून म्हातारी माणसं म्हणाली, हा फकीरच. ते चाचाच्या कानावर पडलं. कौतुक त्याचंच होतं, पण गाडीवर दुसरा होता. त्याला वाटलं, आपण मेलो आहोत आणि लोक आपली आठवण काढत आहेत.

मग गुलाल झाला. गुरुसिद्धप्पानं वाजंत्री लावली आणि भर गर्दीत ओरडून सांगितलं, “गावापोत मिरवणूक! आन् गाडी हाकणार आमचे वस्ताद!”

मुनवर खाली उतरला. गुलालानं माखलेला, हसरा. त्याच्या डोळ्यांत राळेचा मागमूस नव्हता. त्यानं कासरा पुढं केला.

“मामू, बसा. हे तुमचंच हाय.”

या एका गोष्टीसाठी फकीरचाचानं सगळं केलं होतं. कासरा वीतभर अंतरावर होता. त्यानं हात उचललाही. बलभीम सांगतो की बोटं कासऱ्याला लागली होती. मग राळ कालवलेला तो हात तसाच पाखऱ्याच्या कपाळावर गेला, तिथला गुलाल त्यानं पुसला, आणि तो म्हणाला, “न्हाय. तू जिंकलास, तूच ने.”

“मामू, राग हाय का अजून?”

“हाय,” चाचा म्हणाला.

आणि तो वळला. वाजंत्री गावाकडं निघाली, लोक गावाकडं निघाले, आणि फकीरचाचा ओढ्याच्या अंगानं उलट्या दिशेला चालू लागला. रिकाम्या माळावरून, चाकोरीच्या मधोमध. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बायकांच्या गाडीत बिस्मिल्लाबी तेवढी पाठमोरी बसली होती. गाडी पुढं पुढं जात होती आणि ती डोळ्यांवर हात धरून मागं बघत होती, त्याचा सदरा बाभळींच्या आड जाईपर्यंत.