डोंगरगाडीतली मोठी खुर्ची

आमच्या जुन्या संस्थानी शहरात, नई सडकेवर माझं गाद्या-सतरंज्यांचं दुकान आहे. सुरुवात झाली ती फुटपाथवर गाठोडं सोडून बसण्यापासून. वडील दरबारच्या पलटणीत शिपाई होते. त्यांच्याकडून मला राग तेवढा मिळाला, बाकीचं मी कमावलं.

दरबार होता तेव्हा उन्हाळ्यात राजघराण्याची मंडळी सिमल्याला जायची. डोंगराच्या पायथ्याशी, कालक्याला, डोंगरगाडीला त्यांच्यासाठी एक छोटा सलून, म्हणजे खास डबा, जोडत. एका वर्षी त्यातल्या सतरंज्या माझ्याकडून घेतल्या, आणि अंथरायलाही मीच गेलो. अनवाणी, गुडघ्यांवर बसून चारही कोपरे ताणले. उजव्या खिडकीपाशी जमिनीला पक्की ठोकलेली एक मोठी कातडी खुर्ची होती. तिच्या पाठीला मी हात लावला, एवढंच. मागून दरबारचे कारभारी म्हणाले, "झालं ना काम? मग उतरा. ती तुमच्यासाठी नाही." बरोबरचे हसले. गाडी वर गेली आणि मी फलाटावर चपला शोधत राहिलो.

पुढे राज्य विलीन झालं, मध्य भारत प्रांत झाला, मग तोही मोडला आणि राजधानी भोपाळला गेली. कारभाऱ्यांचं ऑफिस तर केव्हाच बंद पडलं होतं. मला कळलं की पहिल्या वर्गाची चार तिकिटं काढली तर तोच सलून आता कोणालाही मिळतो. मी ठरवलं, त्या खुर्चीत बसून पहाटेचा बर्फाचा डोंगर बघायचा. माझी बायको धरून दोन तिकिटं झाली. आणखी दोन माणसं हवी होती.

एक दिवस तेच कारभारी दुकानात आले. "ऐकलं, दोन जागा रिकाम्या आहेत. मी आणि आमची ही आलो तर?"

मी मुद्दाम दीडपट भाव सांगितला.

"बरं," ते म्हणाले.

माझ्याशी घासाघीस न करता कोणी हो म्हटलं की माझी झोप उडते. घरी बायको म्हणाली, "पैसे देतायत, भांडत नाहीत. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"तेच तर! भांडत का नाहीत?"

कालक्याला संध्याकाळी सलूनच्या अटेंडंटने मला ओलांडून कारभाऱ्यांना सलाम ठोकला. "आइए हुज़ूर, बहुत बरस बाद!" म्हणजे यांचं आधीच ठरलेलं. मी आधी खुर्ची धरली. अंगठ्याने दाबून पाहिली. आत काथ्याच जास्त, कापूस नावाला. तरी बसलो. रात्री पांढऱ्याशुभ्र चादरी घातल्या, हिरव्या काचेचे दिवे लागले, चांदीच्या किटलीतून कॉफी आली. बाकीचे आडवे झाले, मी उठलो नाही. वळणावर चाकं किंचाळायची आणि मघाशी सोडलेल्या स्टेशनचे दिवे पुन्हा पायाखाली दिसायचे. कारभारी मधूनच उठून अटेंडंटच्या कानात काहीतरी विचारत होते. मी डोळे मिटून ऐकत होतो.

उजाडायच्या जरा आधी ते माझ्याजवळ आले. "आता लांब बोगदा येईल. तो संपला की दरी बाजू बदलते. बर्फ डावीकडे दिसतं, तेही थोडाच वेळ. इकडे या."

मी बाहेर पाहिलं. दरी माझ्याच बाजूला होती, खोल तळाशी दिवे लुकलुकत होते. "वा! दरी इथे, खडक तिथे, आणि मी तिथे येऊ? आणि खुर्ची कोण घेणार?"

"खुर्ची घेऊन मला काय करायचंय हो?"

"तुम्हाला कसं माहीत कुठून काय दिसतं ते?"

"दहा वेळा आलोय. त्या दारात उभा राहून. खुर्चीत आम्हालाही कोणी बसवत नव्हतं. आणि हिला तर कधी आणलंच नाही."

वाक्य इतकं चोख होतं की माझा संशय पक्का झाला.

बोगदा आला, गेला. माझ्या खिडकीसमोर हातभर अंतरावर खडक होता, ओला, शेवाळलेला. मागे बायको ओरडली, "अगं बाई! अहो, या ना!"

"या हो, चाललं, चाललं!" कारभारी.

मी वळलो नाही. उठलो की तो बसणार आणि मागून हसू ऐकू येणार, एवढंच डोक्यात. खडकावर गुलाबी उजेड पडला आणि हळूहळू पांढरा झाला. शेवटी उठलो तेव्हा डावीकडे देवदारांची रांग होती, बाकी काही नाही. कारभारी दारात उभे होते. त्यांची बायको त्यांच्या दंडाला धरून अजून तिकडेच बघत होती.

वरच्या फलाटावर मी बायकोला विचारलं, "काय दिसलं?"

"सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्यात भेसळ आहे."

परतीच्या गाडीने खाली उतरलो तेव्हा सगळीकडे ढग होते.

कारभारी हल्ली फूलबागेत फिरताना भेटतात. एकदा मी अडवलंच. "डावी बाजू कालक्यालाच का नाही सांगितली?"

"सांगितली असती तर तुम्ही डावीकडे बसला असता?"

नसतो बसलो. म्हणूनच तो माणूस मला अजून आवडत नाही.