डाव्या पायडलाचे आटे

परभणीहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दारात बसून तूर निवडत होते. तो नुसतं "काकू..." म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, कळलं बाबा, पुढचं नको बोलू. सूप बाजूला ठेवलं, आणि पहिला विचार काय आला सांगू? आता मला ‘धाकटे’ म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. पंच्याऐंशी ओलांडलेली बाई मी, पण ती होती तोवर कुणाची तरी धाकटी होते. आता महिना होऊन गेला. नातू म्हणतो, आजी, दिवसभर तिच्याबद्दल बोलतेस, त्यापेक्षा लिहून काढ. मी काही शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती चुलीपुढं, नवऱ्याच्या जुन्या पाटीवर. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, माझं बोलणं लांबतं हे घरचे सांगतीलच.

गिरजाआक्का माझी थोरली जाऊ. निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं होती ती. मी पंधरा वर्षांची, पेडगावच्या त्या घरात नवी सून म्हणून आले, तेव्हा ती अठराची होती आणि तीन वर्षं जुनी झालेली होती. जावा म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं. आम्हाला भांडायला सवडच मिळाली नाही, कारण घरात एक सायकल होती. थोरले दीर, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. रोज सायकलीवर जायचे-यायचे. सरकारी कचेरीतल्या कुणा पेशकाराची बदली झाली तेव्हा जाता जाता त्यानं ती दादांच्या गळ्यात मारलेली. दादा सायकलीवर बसण्यात पटाईत, पण दुरुस्तीला तिच्यापुढं वाकायचं म्हटलं की त्यांचं धोतर मळायचं. मग वाकायची आक्का. नट आवळायचा पाना गावात कुणाकडं नव्हता, लढाईच्या दिवसांत परभणीतही मिळत नव्हता. आक्काचे पाने म्हणजे सासूबाईंचा अडकित्ता, पातेलं उतरवायची सांडशी, खलातला बत्ता, आणि स्क्रू फिरवायला निजामाचा हाली पैसा. सासूबाई सुपारी तोंडात टाकून मोठ्यानं म्हणायच्या, "आज सुपारीला तेलाचा वास यायलाय. कोनत्या चाकाची हाय म्हनायची ही?" आक्का मान खाली घालून हसायची आणि अडकित्ता राखेनं घासून परत ठेवायची.

पण काम बघावं तिचं! नट आधी नुसत्या बोटांनी फिरवायची, बोटं अडली की मग अडकित्ता. तोही उघडा कधीच लावायची नाही. जुन्या लुगड्याची चिंधी नटाभोवती गुंडाळायची, म्हणजे लोखंडाला दात लागत नाहीत, कोपरे झिजत नाहीत. मग डोळे मिटून हळूच एक पीळ, की झालं. मी विचारायची, एवढ्यात झालं? ती म्हणायची, आवाज बदलतो की गं, ऐक ना. मला कधी ऐकू आला नाही तो आवाज. हे ती शिकली उरुसाला. घरची सगळी मंडळी परभणीला उरुसात पाळणे बघत हिंडत होती, आणि ही बाई पदर ओढून सायकलीच्या दुकानापुढं दुपारभर उभी. पायडलाचा दांडा ज्या खिळीनं धरलेला असतो, ती कॉटर आमची आठ-आठ दिवसांत ढिली व्हायची. नट पिळून पिळून आम्ही ती आत ओढून घ्यायला बघायचो. म्हातारा उस्ताद तिला म्हणाला, "कसना नक्को बेटी, बिठाना." म्हणजे आवळत बसायचं नाही, खिळी ठोकून ठोकून तिच्या जागी बसवायची, नट नुसता राखणीला. घरी आल्यावर तिनं तसं केलं, आणि ती खिळी पुढं वर्षभर हलली नाही. दादांनी जिनिंगमध्ये सांगितलं म्हणे, मीच बसवली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. उन्हाळा होता. शुक्रवारची सुट्टी, म्हणून सायकल घरीच. आक्का धुणं घेऊन नदीवर गेलेली, सासूबाईंचा डोळा लागलेला. मला दिसलं, डावं पायडल जरासं हलतंय. मनात आलं, आपण आवळून ठेवू, आक्का आली की शाबासकी देईल. तिच्या शाबासकीची मला लय हाव होती, खोटं कशाला सांगू. फिरकीच्या तांब्यापासून कंदिलाच्या टोपणापर्यंत घरातलं सगळं उजवीकडं फिरवलं की आवळतं. पायडलही मी उजवीकडंच फिरवलं. चिंधी शोधेपर्यंतही कळ काढली नाही, उघडा अडकित्ता लावला. ते आवळायचं सोडून ढिलं होत गेलं आणि शेवटी हातातच आलं. परत लावायला गेले तर आटे धरेनात. जितकं फिरवावं तितकं सुटावं. मग बत्त्यानं ठोके दिले, पिळलं, पुन्हा ठोकलं, आणि एकदाचं ते रुतलं. हलवून पाहिलं, हलेना. मला वाटलं, जमलं!

त्याच दिवशी दिवेलागणीला झरीहून माणूस चालत आला. झरी आक्काचं माहेर. तिची आई अखेरच्या घटका मोजत होती, आणि लेकीचं नाव घेत होती. गाडी-बैल सरकी घेऊन परभणीला गेलेले, ते दोन दिवस येणार नव्हते. दादा म्हणाले, उजाडताना सायकलीवर निघू. बाईमाणूस सायकलीवर मागं बसून माहेरी निघालेली गावानं पाहिली नव्हती, पण सासूबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. पहाटे आक्कानं घाईत सगळे नट चाचपले, डाव्या पायडलावर पाय दाबून पाहिला. ते घट्ट होतं. मी दाराशी उभी होते. सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं... हलत तर नाही ना, मग काय सांगायचं, अशी मी माझीच समजूत घातली.

निम्म्या वाटेवर, ओढ्याच्या चढाला, ते पायडल उपटून पडलं. दादा परत लावायला गेले तर दांड्यात आटेच उरलेले नव्हते, नुसतं गुळगुळीत भोक. दोघं उन्हातनं चालत, सायकल ढकलत झरीला पोचली तेव्हा म्हातारी जाऊन तासभर झाला होता. सकाळभर विचारत होती म्हणे, गिरजा कुठवर आली? आमच्या लिंगायत रीतीनं तिला भिंतीला टेकवून बसवलेलं, कपाळी विभूती, गळ्यात लिंग, लेकीसाठी थांबवून ठेवलेलं. आक्काला मुख मिळालं. बोल मिळाला नाही.

परत आली तेव्हा सासूबाईंनी तोंड सोडलं, की बायकांच्या हातात लोखंड दिलं की असंच व्हायचं. आक्का ओसरीवर उभी होती. म्हणाली, "माझाच हात चुकला." मी परातीत पीठ मळत होते, ती मळतच राहिले. नवी सून, माहेरी धाडतील ही धास्ती... कारणं पुष्कळ होती. पंधरवड्यानं उस्तादाकडनं नवा दांडा बसवून सायकल आली. त्या दुपारी आक्कानं मला हाक मारली, चिंधी गुंडाळलेला अडकित्ता माझ्या हातात दिला. "डावीकडचं उलटं असतंय, धाकटे. पर उलटं-सुलटं ध्यानात ठिऊच नगंस. दोनी बाजूंनी, पुढच्या चाकाकडं फिरवलं की बसतंय, मागच्या चाकाकडं फिरवलं की निघतंय." बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, पायडलाकडं बघत होती. निखळलेलं जुनं पायडल भिंतीशी पडलेलं होतं, त्यावर अडकित्त्याचे दात उठलेले. आक्कानं वापरलेल्या कुठल्याच लोखंडावर असे दात कधी उठले नव्हते. मला कळलं, की तिला कळलंय. आणि तरी मी बोलले नाही.

पुढं निजाम गेला, राज्य बदललं, घरं वेगळी झाली. ती परभणीला, मी मुलाकडं ताडकळसला. सणावाराला भेटायचो, एका अंथरुणावर दुपारभर लोळत बोलायचो, साऱ्या जगाचं बोलायचो. एवढं एक सोडून. गेल्या हिवाळ्यात मात्र ठरवूनच गेले. तिला दिसायचं कमी झालं होतं, ऐकू चांगलं यायचं. चहा झाल्यावर म्हटलं, आक्का, त्या डाव्या पायडलाला मी हात लावला होता. तिनं कपबशी चाचपत बाजूला सरकवली. मग म्हणाली, "सत्तर वर्सं लावलीस व्हय गं, एवढं सांगायला?" मी म्हटलं, तुला तर ठाऊकच होतं. "ठाऊक हुतं की. पर तू सांगशील म्हनून वाट बघितली. तवाच सांगितलं असतंस तर दोघी मिळून रडलो असतो, धाकटे. म्या एकलीनंच रडून घेतलं."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि आम्ही दोघी रडलो. पण सत्तर वर्षांचं रडणं एका दुपारीत कसं उरकावं? मी म्हटलं, संक्रांतीनंतर परत येते, चांगली आठ दिवस राहते. संक्रांत आली, माझा गुडघा धरला, जाणं राहिलं... आणि मग तो फोन.

गेल्या आठवड्यात तिची नातसून येऊन गेली. काचेची बरणी घेऊन आली होती, लिंबाचं लोणचं. जाण्याआधी दोन दिवस आक्कानं स्वतः भरलेलं. नातसून झाकण लावायला गेली तर तिला हात लावू दिला नाही. म्हणाली, धाकटीच्या मनगटात आता जोर नाही, किती आवळायचं ते मला ठाऊक आहे. परभणीपासून ताडकळसपर्यंत एसटीत ती बरणी आडवी-तिडवी हिंदकळत आली, पिशवीला खाराचा एक थेंब लागला नव्हता. आणि मी झाकणाला हात लावला तर दोन बोटांनी उघडलं.

आता रोज जेवण झालं की ते झाकण परत मलाच लावावं लागतं. थोडं फिरवते, थांबते. कधी कमी पडतं, खार गळतो. कधी जास्त होतं, दुसऱ्या दिवशी सुनेला हाक मारावी लागते. दुपारचं घर सामसूम असतं, हात झाकणावर तसाच राहतो, आणि तोंडातनं निघून जातं... आक्का, एवढं पुरे का गं?