सावडीचा बैल

काही गुन्हे निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाहीत. खर्डीजवळच्या एका गावातला हा गुन्हा म्हटला तर साधा बैलचोरीचा. पण ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि त्या दिवसांत गावात शिंक आली तरी ती कोणत्या पॅनेलची, हे लोक आधी विचारतात.

मी तेव्हा शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बंदोबस्ताचं वाटप चालू असताना एक शेतकरी फिर्याद द्यायला आला. एका पॅनेलचा तो पुढारी. गोठ्यातून बैल सोडून नेलेला, नांगरणी जवळ आलेली. सोबत त्याचा चुलतभाऊ होता, त्याच पॅनेलचा कार्यकर्ता.

बैल एकच कसा, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की दुसरा बैल गावातल्या त्याच्या मित्राचा. दोघांचा एकेक बैल, दोघांची मिळून एक जोडी आणि पाळीपाळीने दोघांची शेतं. याला तिकडे सावड म्हणतात. गंमत अशी की हा मित्र विरोधी पॅनेलचा उमेदवार होता. चहाच्या टपरीवर दोघे घसा बसेपर्यंत भांडायचे, पण बैल जुंपले की राजकारणाचा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

"लिवा ना साहेब त्याचं नाव," चुलतभाऊ पुढे झाला. "गोठा त्याला ठावा, बैल त्याच्या हाताखालचा. दुसरा कोन नेनार?"

"अज्ञात इसम लिवा," बैलमालक म्हणाला. "त्याला मी मत देनार नाय. तो पडावा म्हनून घरोघर फिरतोय मी. पन माझा बैल तो नेनार नाय."

चुलतभावाचा चेहरा पडला. बैल गेला एकाचा आणि संताप दुसऱ्याला जास्त, हे काही मला पटेना. मी अज्ञाताविरुद्ध गुन्हा नोंदवून घेतला.

संध्याकाळपर्यंत गावात दोन्हीकडची पोरं काठ्या घेऊन बसली. मी गाडी उभी करून ठेवली आणि दोन्ही पॅनेलच्या प्रमुखांना समज दिली. मित्राचं नाव फिर्यादीत आलं असतं तर त्या रात्री डोकी फुटली असती, याबद्दल मला शंका नाही.

खबर दुसऱ्या दिवशी आली. लाकडाची मोळी विकायला येणाऱ्या वाडीवरच्या एका बाईने आमच्या हवालदाराला हटकलं. "त्या चुलतभावाच्या गोठ्यात एक जनावर नाय. मंग पेंढ्याचा भारा घेऊन डोंगराकडं कुनासाठी जातो?"

शेतकऱ्याने बैल चोरला तरी त्याला उपाशी ठेवणं त्याच्या हातून होत नाही. सराईत चोराने ही चूक केली नसती. मी आधी बैलमालकाला बोलावून संशयिताचं नाव सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला. मग चुलतभावाला समोर बसवलं.

"गुरं किती?"

"नाय एकपन. गेल्या साली बैल विकला."

"मग पेंढा कोण खातं?"

तो एकदम फुटला. "पूर्वी सावड माझ्यासंगती होती, साहेब! माझा बैल विकला आन ती त्याच्याकडं गेली. बॅनर मी बांधू, शिव्या मी खाऊ, आन बैल जुंपायला, हसायला तो विरोधातला! त्या दोघांना बांधावर बसून भाकरी खाताना बघितलं का माझ्या अंगाची आग व्हते. मला बैल नको होता. मला त्यांची सावड मोडायची होती."

बैल डोंगराच्या घळीत सापडला, पुढ्यात पेंढा आणि पाण्याची बादली. पंचनामा झाला. ठाण्यात बैलमालकासमोर चुलतभावाने मान वर केली ती भांडायलाच.

"दादा, आळ माझ्यावर आला असता तर माझ्यासाठी असा बोलला असतास का?"

बैलमालक माझ्याकडे बोट करून म्हणाला, "साहेबांना विचार. तुझं नाव काडलं तवा यांच्या अंगावर गेलो मी. म्हनलो, माझा भाऊ असं करनार नाय."

मी मान डोलावली. चुलतभाऊ तोंड झाकून रडायला लागला.

गुन्हा रीतसर कोर्टात गेला. निवडणुकीत कोण आलं, ते या गोष्टीत महत्त्वाचं नाही. मला एवढं कळलं की राजकारणाच्या नावावर जी भांडणं ठाण्यात येतात, त्यातली निम्मी कुठल्यातरी जुन्या जळफळाटाची असतात. आणि जळणाऱ्याला आपल्या वाट्याचं प्रेम दिसत नाही.

मला तर त्या दोघा मित्रांचा आजही हेवा वाटतो. आता माझ्या सोसायटीच्या बाकावर पक्षाचा विषय निघाला की कोणीतरी घड्याळ बघतं आणि उठून जातं. घसा बसेपर्यंत माझ्याशी भांडून दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी येऊन बसेल, असा माणूस मला शोधूनही सापडलेला नाही.