टाकीच्या रेषेत पोहणारा वायरमन

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गाव त्यांना वायरमनच म्हणे. हयातभर विजेच्या खांबांवर चढलेला हा माणूस रोज सकाळी समुद्रात उतरायचा आणि बायकोलाही उतरवायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला गुडघाभर पाण्याचीसुद्धा धास्ती वाटे.

"मी काय मासोळी आहे?" ती म्हणाली होती.

"मासोळी कुठली, म्हैस आहेस. म्हैस बुडत नाही."

ती चिडून पाण्यात उतरली आणि पोहायला शिकली.

त्या किनाऱ्यावर ना जीवरक्षक, ना धोक्याची पाटी. वायरमननी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, तेही एकाच नियमावर. पाण्यातून मागे वळून बघायचं. शाळेच्या छपरामागे टेकडीवरची पाण्याची टाकी दिसली, की खाली वाळू, खुशाल पोहा. टाकी बाजूला सरकली, की तिथे आत खेचणारी ओढ आहे, मुकाट्याने परत फिरा.

गेल्या वर्षी ती टाकी पाडून टेकडीच्या दुसऱ्या टोकाला नवी बांधली. दोघांनी पोहून पोहून नवी खूण ठरवली: टाकी आता शाळेच्या फाटकावर दिसली पाहिजे. पण एव्हाना वायरमनच्या डोक्यात नवं काही टिकेनासं झालं होतं. चहाचा कप विसळून ठेवायचे आणि विचारायचे, "आज चहा नाही का?" म्हणून ती पाण्यात त्यांना चिकटून राही. "अहो, फाटकावर बघा."

"माहितीये गं. मला शिकवतेस?" असं म्हणून ते वळत.

एका सकाळी तिला ताप होता. जरा डोळा लागला, तेवढ्यात ते एकटेच गेले.

होडीवाल्याने त्यांना धरून घरी आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. "काकू, पार ओढीत होते. हाक मारली तर मलाच म्हणतात, घाबरू नकोस, मी रेषेत आहे."

नियम त्यांनी मोडला नव्हता. नवी टाकी छपरामागे दिसेपर्यंत ते शिस्तीत पोहत गेले होते, थेट ओढीत.

"आता बास, आई," लेकीने फोनवर सांगितलं. "तूच सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी ते टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "चल गं, ऊन चढेल." तिने रात्रभर मनात वेगळंच जुळवलं होतं.

"आज समुद्र बंद आहे," ती कसंबसं म्हणाली.

ते आता खो खो हसतील, समुद्र म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे का, म्हणून फैलावर घेतील. घ्यावंच, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"बंद आहे होय?" ते म्हणाले. "बरं."

एवढ्यात शेजारची सून पोहायला निघालेली दिसली. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. ते लगबगीने अंगणात गेले. "अगं, कशाला हेलपाटा घालतेस? आज समुद्र बंद आहे."

सून हसायला लागली. मग तिची नजर दारातल्या काकूंकडे गेली.

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत, काका." आणि ती घराकडे परत फिरली.