मिस्ड कॉलवर चालणारी मोटार

व्यासपीठावरून कुणी ‘अपयशाला घाबरू नका’ म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याचं काय जातं? माझ्या मावसभावाची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दोन हजार सालानंतरचा काळ. कळमनुरीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्याच अर्ध्या भागात मावसभाऊ पाणी उपसायच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. त्याच्या घरी मेंढरं. लोकर कातरायची कातर बाजूला ठेवून तांब्याची तार हातात धरणारा घरातला तो पहिलाच. भारनियमनामुळे लाईट कधीही यायची आणि आली की माणसं मोटार चालू करायला शेताकडं पळायची. त्यावर त्यानं एक डबा बनवला. डब्यात एक जुना मोबाइल, त्याला जोडलेल्या तारा. मोबाइलवर रिंग वाजली की शेतातली मोटार सुरू. नुसता मिस्ड कॉल द्यायचा. त्या काळी मिस्ड कॉलशिवाय आमच्याकडं पान हलत नव्हतं. गावी पोचलो, जेवायला ये, बाहेर ये, सगळं मिस्ड कॉलवर.

डब्यात एकच खोट होती. फोन कुणाचा आहे हे त्याला कळत नव्हतं. चुकून कुणाचाही आला तरी मोटार फिरणार. आधी ते नीट करायचं, मगच डबा लोकांना द्यायचा, असं भावानं ठरवलं होतं.

मग सर आले. एका संस्थेच्या शिबिरासाठी पुण्याहून यायचे. खेड्यातल्या पोरांमधून लीडर घडवायचा त्यांनी चंग बांधला होता. भावाला ‘उद्योजक’ म्हणणारे ते पहिलेच, आणि भाऊ त्या एका शब्दावर विरघळला. मला त्याचाही राग येतो. डबा दाखवायला सरांनी परस्पर पाहुणे बोलावले, तारीख ठरवली, फोटोवाला सांगितला. भावानं महिनाभराची मुदत मागितली, तर सर हसले.

“आधी बाजारात उतरा, चुका करा, मग सुधारा. सगळं नीट व्हायची वाट बघणारा कधी लीडर होत नाही.”

चुका करा म्हणे. स्वतः सावलीत उभं राहून दुसऱ्याला चुका करायला सांगायला काय लागतं?

प्रयोग सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याजवळ, ओळखीच्या एका शेतात होता. डब्यासाठी घेतलेलं नवं सिम चालू झालं नव्हतं, म्हणून माझंच सिम आत घातलं. सकाळीच मी सरांना बजावलं की माझा नंबर आज डब्यात आहे, त्यावर फोन करू नका. त्यांनी मान डोलावली. नंतर मोटारीचा पट्टा घसरायला लागला, तेव्हा भावानं फ्यूज काढून ठेवले आणि कामाला लागला. फोटोत डब्यावरचे लाल-हिरवे दिवे लागलेले दिसले पाहिजेत म्हणून सरांनी ते फ्यूज परत बसवायला लावले आणि स्वतः पाहुण्यांना घ्यायला रस्त्यावर गेले. पट्टा अजून एका बाजूला सरकलेला होता. गाड्यांचा धुरळा दिसला, तसा भाऊ घाईनं वाकला आणि त्यानं पट्ट्याला हात घातला.

तेवढ्यात सरांना मला बोलवायचं होतं. चार हाका मारल्या असत्या तर मी पळत गेलो असतो. पण त्यांनी सवयीनं माझ्या नंबरवर मिस्ड कॉल दिला.

पाहुण्यांच्याच गाडीतून आम्ही नांदेड गाठलं. हाताला गुंडाळलेला टॉवेल लालभडक झाला होता. वाटेत भाऊ म्हणाला, “डब्यानं काम बराबर केलं.” मला त्या डब्याला लाथ घालावीशी वाटली. सर फळं घेऊन एकदाच दवाखान्यात आले. तिथंही त्यांनी तेच वाक्य ऐकवलं, अपयशाला घाबरू नका. त्यानंतर त्यांनी आमचा फोन उचलला नाही. मोटार भरायची बारीक तार भावाच्या हातात पुन्हा कधी बसली नाही. घरची कातरही धरवेना. तो माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना कव्हरं दाखवायला लागला.

काही वर्षांनी हिंगोलीच्या एका कॉलेजात सरांचं भाषण होतं. मी जाणार नव्हतो, भाऊच हट्टाला पेटला. सर रंगात आले होते. कालव्याकाठच्या एका प्रयोगात आम्ही अपयश पचवलं, त्यातून शिकलो, असं त्यांनी सांगितलं. आम्ही म्हणे. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी दात-ओठ खात बसलो.

भाषण संपल्यावर सर दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत होते. भावानं उजवा हात पुढं केला. सरांनी तो धरला, हसले, दुसऱ्या हातानं कार्ड दिलं. ओळखलं नव्हतंच. नजर आमच्या मागं उभ्या असलेल्या पोरांवर होती.

“नवी कल्पना सुचली की मिस्ड कॉल द्या,” ते म्हणाले, “मी लावतो.”

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण भावानं त्यांचा हात सोडला नाही.

“आमी देऊ, सर,” तो म्हणाला. “तुमी नका देऊ.”

तेव्हा कुठं सरांनी खाली, हातातल्या हाताकडं पाहिलं.