सागवानी चौकटीतली बाग

लाकडाच्या डेपोत नोकरी केली की ओंडक्यांसोबत किस्सेही साचतात. ओंडक्यांचा लिलाव होतो, किस्से मात्र पडून राहतात! तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि मी एटापल्लीच्या वाटेवरच्या एका डेपोत कारकून होतो.

शेजारीच जंगल खात्याचा बंगला. तिथला चौकीदार मारोतीभाऊ. देश सोडताना गोरा साहेब त्याला एक चित्र बक्षीस देऊन गेला. म्हणे बाग! जवळून बघावं तर नुसते रंगाचे फटकारे. आमचा फॉरेस्टर तर दचकून ओरडलाच, "अरे बाप! जंगलाले आग लागली काय?"

*

डेपोत कशाचीही किंमत लाकूड बघूनच व्हायची. मापाऱ्याने चौकटीला टेप लावला, नखाने खरवडलं, वास घेतला.

"चौकट अस्सल सागवान. आतल्या कापडाचं काई खरं नाई!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

*

मारोतीभाऊची बायको कौसाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायची. नागपूरला नेऊन तिचे डोळे करायचे, एवढाच मारोतीभाऊला ध्यास होता.

ती चित्रासमोर थांबली आणि लगेच म्हणाली, "किती फुलं जी! अन् ते पांढऱ्या लुगड्याची बाई झाडाले पाणी देऊन राह्यली."

आम्ही डोळस माणसं उडालोच! मागे सरकून पाहिलं, तर खरंच बाई होती.

*

एकदा शिकारी पाहुण्यांसोबत मुंबईचे एक गृहस्थ बंगल्यावर उतरले. चित्रांची पारख हाच त्यांचा धंदा. चित्र बघताच हातातली कपबशी निसटली. फ्रान्सच्या मोठ्या चित्रकाराचा हात म्हणे!

"लांबून बघा, लांबून!" म्हणत ते स्वतःच मागे सरकत गेले, ते व्हरांड्यावरून थेट खाली कोंबड्यांत!

कपडे झटकत उठले, कौसाबाईच्या डोळ्यांचं आमच्याकडून ऐकलं आणि म्हणाले, "मारोतीभाऊ, यात बाईंचे डोळे होतील, वर घरही होईल. उद्या मी चित्र मुंबईला नेतो."

मारोतीभाऊने तिथूनच कौसाबाईला हाक मारली.

*

सकाळी जीप तयार. मारोतीभाऊ चित्र डोक्यावर घेऊन डेपोकडून धावतच आला.

"नाक्यावर सागवान अडवतेत जी! म्हणून हातोडा मारून आणलो."

आमच्याकडे पास झालेल्या प्रत्येक लाकडावर शिक्क्याचा हातोडा पडायचा, त्याशिवाय नाका उघडत नसे. चौकट पडली अरुंद. हातोडेवाल्याने मधली ऐसपैस जागा निवडली होती. फुलांच्या ऐन मधोमध वाटीएवढं भोक!

मुंबईच्या गृहस्थांनी भोकातून बोट आरपार घालून पाहिलं. मारोतीभाऊ आमच्या तोंडांकडे बघत राहिला.

"काऊन जी? पास झालं ना?"

तेवढ्यात कौसाबाई पुढे आली, चित्राकडे तोंड करून उभी राहिली.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "बागेत इहीर कवा खोदली?"